गुरांचा धंदा आणि वहीतला हिशेब : टेक्सासच्या चार्ल्स गुडनाईट यांचे उदाहरण



पशुपालनावरचे व्याख्यान संपले की प्रश्न बहुधा ठरलेले असतात. कोणती जात घ्यावी, खुराक किती द्यावा, गोचिडांवर काय फवारावे. हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु "गेल्या वर्षी तुमच्या गोठ्यात किती वासरे जन्मली, त्यातली किती जगली आणि खर्च वजा जाता हाती काय राहिले?" असा उलट प्रश्न केला की बरेच जण एकमेकांकडे पाहू लागतात. उत्तर असते, पण ते अंदाजाचे असते. वहीतले नसते.

म्हणून या लेखात चारा आणि खुराक बाजूला ठेवून धंद्याच्या व्यवहाराबद्दल लिहीत आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील टेक्सास राज्याचे पशुपालक व जमीनदार चार्ल्स गुडनाईट (१८३६-१९२९) यांचे. त्यांची जमीन लाखो एकर होती आणि गुरे मांसासाठी पाळलेली होती. आपल्या दोन-चार गाईंशी त्याची बरोबरी नाही आणि अनुकरण करावे असेही नाही. पण वाट्याने गुरे सांभाळणे, गिऱ्हाईक शोधणे, कर्ज, भागीदारी, पाणी आणि रोगराई या अडचणी त्यांनाही आल्या. हाती पैसा नसताना ते कसे वर आले आणि पैसा असताना दोनदा कसे फसले, हे समजून घेण्यासारखे आहे.

वाट्याने सांभाळलेली गुरे

गुडनाईट यांचे कुटुंब १८४६ मध्ये इलिनॉय राज्यातून टेक्सासमध्ये आले. वयाच्या विशीत, १८५६-५७ च्या सुमारास, त्यांनी व त्यांच्या सावत्र भावाने दुसऱ्याच्या सुमारे ४०० गाई दहा वर्षांच्या बोलीवर वाट्याने सांभाळायला घेतल्या. बोली अशी होती की, जन्मणाऱ्या दर चार वासरांमागे एक वासरू राखणाऱ्यांचे. आपल्याकडे शेळ्या किंवा कालवडी अर्धेलीने देतात, तसाच हा प्रकार.

पहिल्या वर्षाअखेर दोघांच्या वाट्याला ३२ वासरे आली. एका वासराची किंमत सुमारे ३ डॉलर. म्हणजे दोघांची मिळून वर्षाची कमाई ९६ डॉलर, आणि त्यातूनही खर्च वजा व्हायचा होता. पुढे याच भागातील गुराख्याला महिन्याला २५ ते ४० डॉलर पगार मिळत असे. त्या मानाने ही कमाई किती तुटपुंजी होती, हे लक्षात येईल.

हा हिशेब आपण थोडा पुढे नेऊ. चौथा हिस्सा ३२, म्हणजे एकूण वासरे सुमारे १२८. चारशे गाईंमागे १२८ वासरे, म्हणजे तीन गाईंमागे एकच. कळप मोठा दिसत होता, पण वाढ मंद होती. आपल्याकडेही गोठ्यात पाच गाई आणि दुधात दोनच, अशी स्थिती पुष्कळदा असते. उरलेल्या तिघींचा चारा रोज चालूच असतो. म्हणून जनावरांची संख्या सांगण्यापेक्षा वर्षाला गाईमागे किती वासरे मिळाली आणि दोन वेतांमधील अंतर किती पडले, हे सांगता आले पाहिजे.

गुरे होती, गिऱ्हाईक नव्हते

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्सासमध्ये गुरे उदंड झाली होती, पण त्यांना किंमत नव्हती. खाणारे लोक दूर आणि रेल्वे टेक्सासच्या या भागात पोचलेली नव्हती. गुडनाईट यांनी ऑलिव्हर लव्हिंग या अनुभवी व्यापाऱ्याशी भागीदारी केली. १८६६ मध्ये दोघांनी सुमारे २,००० गुरे आणि १८ माणसे घेऊन न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर या लष्करी ठाण्याचा रस्ता धरला. तेथे सरकारने आपल्या मुलखातून हुसकावून आणलेल्या हजारो नवाहो लोकांना डांबून ठेवले होते आणि त्यांना पोसण्यासाठी सरकार गुरे विकत घेत होते.

वाटेत पेकोस नदीपर्यंतचा मोठा टप्पा निर्जळी होता. तहानेने आणि पुढे नदीत शेकडो जनावरे गेली. रात्री जन्मलेली वासरे कळपाबरोबर चालू शकत नसत. त्यांना रोज सकाळी मारून पुढे जावे लागे. ऐकून आपल्याला वाईट वाटेल. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर गाभण गाई लांबच्या प्रवासाला नेल्याची ती किंमत होती. पुढील काळात गुडनाईट यांनी वासरांसाठी वेगळी गाडी ठेवली. त्यात प्रत्येक वासरू स्वतंत्र पोत्यात ठेवीत, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागून गाईने आपले वासरू नाकारू नये. याच प्रवासासाठी त्यांनी लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला शिधा व भांड्यांचे कपाट बसविले. ही स्वयंपाकाची गाडी पुढे सर्व गुराख्यांनी उचलली.

फोर्ट समनरला खच्ची केलेल्या खोंडांना जिवंत वजनावर पौंडाला ८ सेंट भाव मिळाला आणि सुमारे १२,००० डॉलर हाती आले. मात्र गाई-वासरे तेथे कोणी घेतली नाहीत. ती लव्हिंग यांनी कोलोरॅडोकडे नेली व जॉन आयलिफ या पशुपालकाला विकली. म्हणजे एकाच कळपातील मालाला दोन वेगळी गिऱ्हाईके शोधावी लागली. पुढे १८६८ मध्ये सरकारशी तह होऊन नवाहो लोक आपल्या मुलखात परतले आणि फोर्ट समनरची मागणी थांबली. तोपर्यंत गुडनाईट यांनी उत्तरेकडे आयलिफ यांच्याशी व्यवहार जुळविला होता म्हणून धंदा चालू राहिला. सगळा माल एकाच खरेदीदारावर सोडला असता, तर त्यांचे काय झाले असते याचा विचार करावा.

भागीदार गेला तरी शब्द पाळला

१८६७ मध्ये पेकोसच्या काठी कोमांची योद्ध्यांच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाले आणि फोर्ट समनर येथे वारले. मरणापूर्वी त्यांनी गुडनाईट यांच्याकडून दोन वचने घेतली होती. देह टेक्सासला नेऊन पुरावा आणि आपल्या डोक्यावरील कर्ज फिटेपर्यंत भागीदारी चालू ठेवावी. गुडनाईट यांनी दोन्ही वचने पाळली. लव्हिंग यांच्या माघारी होणाऱ्या नफ्यातील वाटा ते त्यांच्या कुटुंबाला देत राहिले.

ही गोष्ट त्यांच्या सचोटीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण पत ती हीच. दहा वर्षांनंतर हातात पैसा नसताना एका सावकाराने त्यांच्यावर विश्वास ठेवला. गुराढोरांची त्यांची जाण आणि दिलेला शब्द पाळण्याचा हा लौकिक, हेच त्यांचे तारण होते.

पहिला फटका

१८७० च्या सुमारास गुडनाईट कोलोरॅडोतील प्वेब्लो गावाजवळ स्थिरावले. लग्न झाले, पाट काढून शेती केली, सफरचंदाची बाग लावली. इथवर ठीक होते. पण हाती आलेला पैसा त्यांनी पशुपालकांच्या बँकेत, मांसप्रक्रियेच्या कारखान्यात आणि गावातल्या नाट्यगृहातही गुंतविला. कुरणांवर गुरांची गर्दी झाली होतीच. १८७३ मध्ये न्यूयॉर्ककडील मोठ्या पेढ्या बुडाल्या, देशभर मंदी आली आणि त्यात गुडनाईट यांची मिळकत धुऊन निघाली. उरली ती सुमारे १,६०० लांब शिंगांची गुरे.

त्यांना गुरांचा धंदा कळत होता. पैसा अडकला तो त्यांना न कळणाऱ्या धंद्यांत. अडचणीच्या वेळी गुरे विकता येतात, बंद पडलेल्या बँकेचे भाग विकता येत नाहीत.

लेखी करार

१८७६ मध्ये ते उरलेला कळप घेऊन टेक्सासच्या उत्तर टोकाला पालो ड्युरो नावाच्या खोल दरीत उतरले. दोन्ही बाजूंचे शेकडो फूट उंच कडे हेच कुंपण. तळाशी वाहते पाणी, गवत आणि हिवाळी वाऱ्यापासून आडोसा. जागा उत्तम होती, भांडवल नव्हते. भांडवल मिळाले ते जॉन अडेअर या आयर्लंडमधील जमीनदाराकडून. ब्रिटनमध्ये कमी व्याजाने मिळणारा पैसा अमेरिकेत जास्त व्याजाने लावणे हा अडेअर यांचा उद्योग होता. १८ जून १८७७ रोजी दोघांमध्ये पाच वर्षांचा लेखी करार झाला. त्यातील मुख्य अटी अशा होत्या :

१) भांडवल अडेअर यांनी पुरवावे.
२) मूळ कळप गुडनाईट यांनी द्यावा व संपूर्ण व्यवस्थापन त्यांनी पाहावे. त्याबद्दल त्यांना वर्षाला २,५०० डॉलर पगार मिळावा.
३) पाच वर्षांच्या अखेरीस अडेअर यांचे भांडवल १० टक्के व्याजासह परत करावे.
४) त्यानंतर उरणाऱ्या मालमत्तेतील व नफ्यातील दोन तृतीयांश अडेअर यांचा व एक तृतीयांश गुडनाईट यांचा.

जे.ए. हे रँचचे नावही अडेअर यांच्या आद्याक्षरांवरून पडले. करार गुडनाईट यांना सोयीचा नव्हता हे उघड आहे. सावकार व्याजही घेणार आणि वर दोन तृतीयांश वाटाही. तरी त्यातील एक अट आपण बारकाईने पाहावी. व्यवस्थापकाचा पगार नफ्यातून वेगळा काढलेला होता. आपल्या गोठ्यात घरच्या बाईमाणसांचे आणि मुलांचे कष्ट कोणी खर्चात धरीत नाही. मग दुधाचा धंदा नफ्यात दिसतो. कष्टाची मजुरी धरली की खरा आकडा कळतो. गुडनाईट यांच्या करारात हा आकडा पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता.

दुसरे असे की, मुदत ठरलेली होती आणि मुदतीनंतर काय होणार तेही ठरलेले होते. १८८२ मध्ये करार पुरा झाला तेव्हा ५,१२,००० डॉलरहून अधिक नफा झालेला होता. त्याचा एक तृतीयांश म्हणजे सुमारे १,७०,००० डॉलर. पंचवीस वर्षांपूर्वीच्या ९६ डॉलरशी ही रक्कम ताडून पाहावी. दोघांनी पुढील पाच वर्षांसाठी करार पुन्हा केला.

आधी पाण्याची जमीन

अडेअर यांच्या पैशातून गुडनाईट यांनी प्रथम १२,००० एकर जमीन एकरी ७५ सेंट दराने घेतली, म्हणजे एकूण ९,००० डॉलरची. ती एकसलग घेतली नाही. जेथे झरा, ओढा, कापणीचे गवत किंवा लाकूडफाटा होता तेवढेच तुकडे त्यांनी निवडले. नकाशावर हे तुकडे ठिगळांच्या गोधडीसारखे दिसत आणि लोक त्याला तसेच नावही देत. पाणी ज्याचे, त्याला सभोवतालचे कोरडे माळरानही वापरता येई, कारण पाण्यावाचून ते इतरांच्या उपयोगाचे नव्हते. यात हुशारी होती, तशी दुसऱ्याची वाट अडविण्याची युक्तीही होती. राज्याच्या शाळांसाठी राखीव असलेल्या जमिनींचा चराईसाठी वापर चालू होता. त्यांच्या भाड्यावरून, एकरी ४ सेंट द्यावे की ८ सेंट, टेक्सास सरकार आणि पशुपालक यांच्यात १८८० च्या दशकात मोठा वाद झाला.

भरभराटीच्या काळात मालकीची व भाड्याची मिळून जे.ए. रँचची जमीन १३,२५,००० एकर झाली, म्हणजे सुमारे ५,३६० चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडी अधिक. गुरे होती सुमारे १,००,०००. म्हणजे जनावरामागे १३ एकरांहून अधिक कुरण. कोरड्या मुलखात एवढे लागतेच. चांगल्या पावसाच्या वर्षी कमी जमिनीतही भागते, परंतु जनावरांची संख्या चांगल्या वर्षावर ठरवू नये. चाऱ्याच्या बाबतीत वाईट वर्ष धरूनच बेत करावा.

जातसुधारणा आणि गोचीड

लांब शिंगांची टेक्सासची गुरे काटक, पण मांसाला कमी. १८७७ मध्येच गुडनाईट यांनी १०० डरहॅम वळू आणले आणि पुढे हेरफर्ड वळूही घेतले. सर्व गाई बदलल्या नाहीत. वळू बदलले आणि पिढीगणिक कळप सुधारला. हा मार्ग कमी खर्चाचा आहे.

पण सुधारित गुरांबरोबर नवा धोका आला. दक्षिण टेक्सासचे कळप वाटेवरून गेले की ते स्वतः धडधाकट राहत आणि मागे उत्तरेकडील गुरे तापाने मरत. कारण कोणालाच माहीत नव्हते. १८८१ मध्ये गुडनाईट यांनी दक्षिणेच्या कळपांना आपल्या हद्दीतून जाण्यास मनाई केली, प्रसंगी बंदुकीच्या जोरावर. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हा रोग रक्तातील सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो आणि गोचिडांमार्फत पसरतो. आपल्या संकरित गाईंना होणारा बबेसियाचा ताप, ज्यात लघवी तांबडी होते, तो याच प्रकारचा. म्हणून संकरित गाय घेताना गोचीड नियंत्रणाचा खर्च पहिल्यापासून धरावा. नवीन जनावर आणले की काही दिवस वेगळे बांधावे. गोचिडांना आणि उष्णतेला दाद न देणारी गुरे हवीत म्हणून अमेरिकेने पुढे जी ब्राह्मण जात तयार केली, तिच्यात आपल्या गीर, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांचे रक्त आहे, हेही लक्षात असू द्यावे.

कागदावरची गुरे

याच काळात वायोमिंगमध्ये स्वॉन लँड अँड कॅटल कंपनी होती. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील भागधारकांच्या पैशावर ती उभी राहिली. अशा अनेक कंपन्या गुरे प्रत्यक्ष मोजून घेत नसत. वहीतील जुन्या आकड्यात दरवर्षी अंदाजे जन्मलेली वासरे मिळवायची, अंदाजे मेलेली वजा करायची आणि येणारा आकडा खरा मानायचा. या आकड्यावर कर्ज निघे आणि लाभांशही वाटला जाई. बाजारभाव पडले, त्यातच १८८६-८७ चा कडक हिवाळा आला. बर्फ वितळल्यावर रानात दिसली ती मेलेली गुरे. वहीतला आकडा आणि रानातली गुरे जुळेनात. १८८७ मध्ये स्वॉन कंपनीचे दिवाळे निघाले.

दक्षिणेलाही १८८६ च्या जानेवारीत मोठे हिमवादळ झाले. गुरे वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे सरकली आणि त्यांना रोखण्यासाठीच घातलेल्या तारेच्या कुंपणाशी हजारोंनी मेली. निसर्गाचा फटका सर्वांनाच बसतो. परंतु आपल्याजवळ खरोखर किती जनावरे आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला नुकसान किती झाले तेही कळते आणि पुढचा मार्ग काढता येतो.

वहीत न आलेला हिशेब

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ही दरी मोकळी कशी मिळाली? सप्टेंबर १८७४ मध्ये अमेरिकी सैन्याने तेथे कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांच्या छावण्यांवर हल्ला केला आणि त्यांचे सुमारे १,१०० घोडे गोळ्या घालून मारले. घोडे आणि हिवाळ्याची बेगमी गेल्यावर ते लोक राखीव प्रदेशात जाण्यास भाग पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी गुडनाईट दरीत उतरले. पुढे कोमांची लोक भुकेने शिकारीसाठी परत आले तेव्हा गुडनाईट यांनी त्यांचे प्रमुख क्वाना पार्कर यांच्याशी बोलणी करून त्यांना ठरल्याप्रमाणे खाण्यासाठी गुरे दिली. अडेअर यांचीही बाजू आहे. १८६१ मध्ये त्यांनी आयर्लंडच्या डोनेगल भागातील आपल्या जमिनीवरून ४७ कुळांना, म्हणजे २४४ माणसांना, घराबाहेर काढले होते.

जमिनीच्या ७५ सेंट भावात या माणसांचे नुकसान कोठेच धरलेले नाही. जमिनीवर पोट असणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वस्त जमिनीची कथा वाचताना हे विसरू नये.

शेवट

अडेअर १८८५ मध्ये वारले. १८८७ मध्ये गुडनाईट यांनी भागीदारी सोडली आणि वाट्याला १,४०,००० एकर जमीन व २०,००० गुरे घेतली. करार लेखी असल्याने वाटणी होऊ शकली. त्यानंतर त्यांनी पुन्हा जुनी चूक केली. मेक्सिकोतील खाणीत पैसा घातला आणि तो बुडाला. १२ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले. अखेरच्या काळात त्यांच्यापाशी मोठी दौलत नव्हती.

आपण काय करावे?

१) प्रत्येक जनावराचे एक पान ठेवावे. खरेदीची तारीख व किंमत, माजाच्या व रेतनाच्या तारखा, वेताची तारीख, वासरू नर की मादी, दूध, औषधोपचार एवढ्या नोंदी पुरेत. आता जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो. तोच क्रमांक पानावर लिहावा.

२) वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा किंवा मार्चअखेर, जनावरे प्रत्यक्ष मोजून वहीशी ताडावीत.

३) घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरावी.

४) वाट्याने जनावर देताना-घेताना, मग तो सख्खा भाऊ का असेना, करार लिहून ठेवावा. भांडवल कोणाचे, चारा-औषध कोणाचे, वासरू कोणाचे, जनावर दगावल्यास नुकसान कोणाचे आणि मुदत किती, या पाच गोष्टी त्यात असाव्यात. दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावेत.

५) जनावर वाढविण्यापूर्वी उन्हाळ्यातील पाणी व चारा मोजावा.

६) गुरांच्या धंद्यातील नफा न कळणाऱ्या धंद्यात घालू नये.

शंभर पानी वही आणि रोज संध्याकाळी धार काढून झाल्यावर दहा मिनिटे, एवढ्यात हे काम होते. लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे दिले तरी चालेल. पुढील वर्षी या वेळी गाईमागे किती वासरे मिळाली आणि काय उरले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला वही उघडून देता येईल.